लेकीला लस, मग आईचे काय?

ओपीडीत हल्ली एक नवे दृश्य दिसते. शाळेच्या गणवेशातली बारा-तेरा वर्षांची मुलगी आणि सोबत तिची आई. आईच्या हातात मोबाइल, त्यावर कुणीतरी पाठवलेला संदेश. ‘‘बाई, ती कॅन्सरची लस हिला द्यायची का?’’ मी हो म्हणते. लस कशी असते, कोणत्या वयात द्यायची, ते सांगते. मग विचारते, ‘‘आणि तुमची तपासणी कधी झाली होती?’’ बहुतेक आया हसतात. ‘‘माझी? मला काय झालंय?’’

सरकारी रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागात पंचवीसहून अधिक वर्षे काढल्यावर हे वाक्य मला पाठ झाले आहे. ज्या आजाराची लस मुलीला द्यायला ती आली आहे, तो आजार आज तिच्याच वयाच्या बाईला होतो, हे तिला कुणी सांगितलेलेच नसते.

गर्भाशयमुखाचा कर्करोग हा भारतातल्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाखालोखाल सर्वाधिक आढळणारा कर्करोग आहे. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार आपल्या देशात वर्षाला सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना तो नव्याने होतो आणि जवळपास ८० हजार स्त्रिया त्याने दगावतात. म्हणजे साधारण दर सात मिनिटांना एक. वाईट याचे वाटते की, होण्याआधीच पकडता येतील अशा मोजक्या कर्करोगांपैकी हा एक आहे. त्याचे कारण आहे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही. हे नाते शोधणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउजेन यांना २००८ साली नोबेल मिळाले. हा विषाणू लैंगिक संबंधांतून येतो आणि बहुतेक स्त्रीपुरुषांना आयुष्यात कधी ना कधी गाठतो. बहुतेकींच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. काहींच्या शरीरात मात्र मुक्काम ठोकतो. मग गर्भाशयमुखाच्या पेशी हळूहळू बदलू लागतात आणि त्यांचा कर्करोग व्हायला बहुधा दहा ते वीस वर्षे लागतात. दहा-वीस वर्षे हा काही थोडाथोडका काळ नाही. एवढ्या अवधीत एकदा जरी कुणी नीट पाहिले, तर बदललेल्या पेशी काही मिनिटांच्या उपचाराने नाहीशा करता येतात. पण त्या काळात बाईला काहीच होत नसते. दुखत नाही, रक्त जात नाही. म्हणूनच ‘मला काय झालंय’ हे उत्तर तिच्या दृष्टीने खरे असते. ही तपासणी काही न होणाऱ्या बाईसाठीच आहे, एवढी एक गोष्ट आपण घराघरांत पोचवू शकलेलो नाही.

लसीबद्दल माझ्या मनात शंका नाही. एचपीव्हीचे १६ आणि १८ हे दोन प्रकार या कर्करोगाच्या साधारण ७० टक्के रुग्णांना जबाबदार असतात आणि लस त्यांना अडवते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्व्हावॅक’ या देशी लसीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली. २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींच्या लसीकरणाला प्रोत्साहन देण्याचे जाहीर झाले आणि तेव्हापासून हा विषय घरांत बोलला जाऊ लागला. हे चांगलेच झाले. पण जरा हिशोब करू. आज बारा वर्षांच्या मुलीला लस दिली, तर तिचा खरा फायदा ती चाळिशीत पोचेल तेव्हा दिसणार. विषाणूशी गाठ पडण्याआधी घेतली तरच ही लस पुरते काम करते. शरीरात आधीच असलेल्या विषाणूवर किंवा बदललेल्या पेशींवर ती औषध नव्हे. म्हणजे आज तिशी ते साठीत असलेल्या बायांच्या दोन पिढ्या लसीच्या बाहेर आहेत. पुढची पंचवीस-तीस वर्षे या आजाराने जे मृत्यू व्हायचे आहेत, ते प्रामुख्याने याच बायांचे. त्यांच्या हाती एकच उपाय आहे, तपासणी.

आणि तपासणीने जीव वाचतात याचा जगातला एक भक्कम पुरावा कुठून आला, तर आपल्या मराठवाड्यातून. १९९९ साली तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात एक मोठा अभ्यास सुरू झाला. मुंबईचे टाटा मेमोरियल, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधल्या ल्यों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो मिळून केला. गावांचे ५२ गट करण्यात आले. त्यांतल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया अभ्यासात होत्या. एका भागात एचपीव्हीची चाचणी झाली. दुसऱ्या भागात पॅप स्मिअर, म्हणजे पेशींची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी झाली. तिसऱ्या भागात गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक आम्ल लावून, पांढरा डाग उठतो का ते डोळ्यांनी पाहिले. याला व्हीआयए म्हणतात. चौथ्या भागातल्या बायांना त्या काळची नेहमीची सरकारी सेवा, म्हणजे तपासणी जवळजवळ नाहीच. प्रत्येक तपासणी आयुष्यात एकदाच झाली आणि पुढची आठ वर्षे सगळ्यांवर लक्ष ठेवले गेले.

निकाल २००९ च्या एप्रिलमध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आले. तपासणी न झालेल्या गटात या कर्करोगाने ६४ बाया दगावल्या. एचपीव्ही चाचणी झालेला गट संख्येने थोडा मोठाच होता, तरी तिथे मृत्यू झाले ३४. फक्त एकदा केलेल्या एका चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. जगभरच्या धोरणकर्त्यांनी या अभ्यासाचा आधार घेतला. जागतिक आरोग्य संघटना आज एचपीव्ही चाचणीला पहिली पसंती देते, त्यामागच्या पुराव्यांत धाराशिवच्या या बायांचा वाटा आहे. ज्यांना तपासणी मिळाली नाही त्या चौथ्या गटावरून पुढे वैद्यकीय नीतीचा वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. त्या वादात कुणाची बाजू काहीही असो, त्या ६४ बायांचे आपल्यावर ऋण आहे, हे तरी मान्य करावे लागेल. त्यांच्या गावांनी जगाला जे शिकवले, ते निदान त्यांच्या लेकीसुनांना मिळायला हवे होते.

मिळाले का? निकालानंतर दहा वर्षांनी, २०१९ ते २०२१ दरम्यान, पाचवे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण झाले. आयुष्यात एकदा तरी गर्भाशयमुखाची तपासणी झाली आहे, असे सांगणाऱ्या ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांचे देशातले प्रमाण होते १.९ टक्के. शंभरात दोघीही नाहीत.

कागदावर योजना नाही असे नाही. २०१६ पासून केंद्र सरकारची मार्गदर्शक चौकट आहे. तिशीच्या पुढच्या स्त्रीची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी दर पाच वर्षांनी व्हावी, असे ती सांगते. आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात. उपकेंद्रे आता आयुष्मान आरोग्य मंदिरे झाली, तिथे तपासणीची सोय अपेक्षित आहे. शिबिरे भरतात, आकडे वर जातात. मग घोडे अडते कुठे?

मला दिसलेले एक उदाहरण सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. एका पावसाळ्यात एक मावशी आल्या. पाळी जाऊन वर्ष उलटले होते आणि पुन्हा रक्त दिसू लागले होते. पंधरा दिवस अंगावर काढून मग आल्या. पिशवीतून त्यांनी प्लॅस्टिकमध्ये जपून ठेवलेले एक कार्ड काढले. अडीच वर्षांपूर्वीच्या शिबिराचे. त्यावर लिहिले होते, ‘व्हीआयए पॉझिटिव्ह, पुढील तपासणीसाठी पाठविले.’ मी विचारले, ‘‘मावशी, मग पुढे गेला नाहीत?’’ त्या म्हणाल्या, ‘‘गेले की. त्या दिवशी मोठ्या बाई रजेवर होत्या. गुरुवारी या म्हणाले. गुरुवारी खुरपणीची माणसं लागली होती. मग पोराचं लगीन निघालं. कुणी परत विचारलंबी नाही. म्हणलं, काही नसंल.’’ तपासले तेव्हा आजार गर्भाशयमुखाच्या बाहेर बराच पसरला होता. अडीच वर्षांपूर्वी बहुधा एका खेपेत जे मिटले असते, त्यासाठी आता पाच आठवडे रोज रेडिएशन, सोबत दर आठवड्याला केमोथेरपी आणि शेवटी आतून द्यायचे रेडिएशन. तेही बरे होण्याची खात्री न देता.

त्या शिबिराच्या अहवालात या मावशी ‘तपासणी झालेली महिला’ म्हणून मोजल्या गेल्या असणार. आकडा खरा आहे. पण त्या आकड्याने मावशींना काहीही दिले नाही.

त्या रात्री मी आमच्याच विभागाचे रजिस्टर काढून पाहिले. दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी ते करणे भाग होते. पॉझिटिव्ह आलेल्या, पुढे बोलावलेल्या बऱ्याच नावांपुढचा रकाना कोरा होता. त्या बाया आल्या नाहीत आणि आम्हीही त्यांना शोधले नाही. तेव्हापासून एक सिस्टर संध्याकाळी फोन लावते. तेही सोपे नाही. दिलेला नंबर बहुधा नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो. ‘रुग्णालयातून बोलतोय, आईंना पाठवा,’ एवढेच सांगता येते; कशासाठी ते त्याला सांगणे म्हणजे तिची खासगी गोष्ट उघड करणे. तरी फोन केल्यावर निम्म्या वाटेवरून पुष्कळ जणी परत येतात. कुणीतरी आपली वाट पाहते आहे, एवढे कळले तरी बाई येते, हा माझा अनुभव.

म्हणून माझे म्हणणे असे की, किती बाया तपासल्या हा आकडा आपण फार मनावर घेतो आणि पॉझिटिव्ह आलेल्या किती जणींवर उपचार पूर्ण झाले, हा आकडा विचारतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०३० साठी ठरवलेल्या उद्दिष्टांत दोन्ही आहेत. ९० टक्के मुलींना पंधराव्या वर्षापर्यंत लस, ७० टक्के स्त्रियांची पस्तिशीपर्यंत एकदा आणि पंचेचाळिशीपर्यंत पुन्हा खात्रीच्या चाचणीने तपासणी आणि दोष सापडलेल्यांपैकी ९० टक्के जणींवर उपचार. हा शेवटचा नव्वदचा आकडा जिल्ह्याच्या आढावा बैठकीत विचारला जाऊ लागला, तर कोरे रकाने आपोआप भरू लागतील.

यावर दोन उपाय हाताशी आहेत. पहिला, तपासणी आणि उपचार एकाच खेपेत. व्हीआयएमध्ये डाग दिसला आणि तो योग्य प्रकारचा असेल, तर त्याच टेबलावर थर्मल अब्लेशन करता येते. हातात मावेल एवढ्या उपकरणाने त्या जागेला उष्णता देतात. काम एक-दोन मिनिटांचे. भूल लागत नाही, टाका नाही, बाई चालत घरी जाते. डाग मोठा किंवा संशयास्पद असेल तर मात्र पुढे पाठवावेच लागते. दुसरा उपाय एचपीव्ही चाचणीचा. तिचा नमुना बाईला स्वतः घेता येतो. छोटा ब्रश, आडोसा आणि दोन मिनिटे, बस. टेबलावर झोपायला नको, परक्या माणसापुढे संकोच नको. आमच्याकडे न येणाऱ्या बायांना कारण विचारा. पैसे हे एक कारण असते, पण त्याहून जास्त वेळा ऐकू येते ते पडद्याचे. जिथे टेबलाभोवती धड पडदा नाही आणि दाराला कडी नाही, तिथे कुठली शहाणी बाई झोपेल? चाचणी करायला यंत्र लागते, हे खरे. पण गोव्यात तयार होणारी ट्रूनॅटसारखी लहान यंत्रे क्षयरोगाच्या निदानासाठी गावोगावच्या रुग्णालयांत पोचली आहेत आणि त्यांवर एचपीव्हीची चाचणीही करता येते. खर्च आहेच. पण एचपीव्ही निगेटिव्ह आली तर पुढची पाच ते दहा वर्षे बाई निर्धास्त, हे त्या खर्चाच्या पलीकडच्या रकान्यात लिहायला हवे.

म्हणून व्हीआयए टाकून द्यावे असे नाही. धाराशिवमध्ये एकदाच केलेल्या व्हीआयएने मृत्यूंत ठळक फरक पडला नाही. पण मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलने सुमारे दीड लाख बायांचा अभ्यास केला. तिथे निम्म्या बायांचे व्हीआयए, थोडेफार शिकलेल्या आणि नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांकडून, दर दोन वर्षांनी चारदा झाले. त्यांच्यात या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. साधी पद्धतही चालते. मात्र हात तयार हवा आणि तपासणी पुन:पुन्हा हवी. एका दिवसाच्या शिबिरात यांतले काहीच होत नाही.

तपासणी नसली की तिची जागा भीती घेते आणि भीतीचा बाजार मांडणारे पुष्कळ असतात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. सरकारने नेमलेल्या समितीने पाहणी केलेल्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यामागे मुकादमाकडून घेतलेली उचल, खाडा झाला की होणारा दंड, फडात पाण्याची आणि शौचालयाची सोय नसणे अशी अनेक कारणे होती. पण एक वाक्य आम्हालाही वारंवार ऐकायला मिळते. ‘‘पांढरं जात होतं. डॉक्टर म्हणाले, पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल.’’ पांढरे जाणे हे बहुतेक वेळा साध्या जंतुसंसर्गाचे लक्षण असते, गोळ्यांनी बरे होते. पेशी बदललेल्या असल्या तरी बहुधा फक्त मुखाच्या त्या भागावर उपचार पुरतो. तिशी-पस्तिशीत पिशवी काढली आणि सोबत अंडकोशही गेले, तर हाडे ठिसूळ होणे आणि हृदयविकार यांचा धोका वाढतो. आणि मुखाची तपासणी न करता पिशवी काढली आणि आत कर्करोग दडलेला निघाला, तर पुढचे उपचार अवघड होऊन बसतात. शस्त्रक्रिया सुचवली गेली, तर ‘आधी गर्भाशयमुखाची तपासणी झाली का?’ हा प्रश्न विचारायचा आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायचे. त्यात कुणाचा अपमान नाही.

आता वाचकांसाठी थोडे कामाचे. वय तिशीच्या पुढे असेल आणि लग्न होऊन संसार चालू असेल, तर काही त्रास नसताना तपासणी करून घ्यावी. एचपीव्ही चाचणी उपलब्ध असेल तर ती करावी, नसेल तर पॅप किंवा व्हीआयए. पाळी गेल्यावर व्हीआयएचा उपयोग कमी होतो, कारण बदल होणारी जागा आत सरकते. तेव्हा पॅप किंवा एचपीव्हीच बरी. एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांनी पंचविशीपासूनच आणि अधिक वेळा तपासणी करावी. संबंधानंतर रक्त जाणे, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणे, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणे, दुर्गंधी येणारे किंवा रक्तमिश्रित पाणी जाणे, यांपैकी काहीही झाले तर शिबिराची वाट पाहू नये, थेट डॉक्टरांकडे जावे. चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे कर्करोग झाला असे नाही. एचपीव्ही सापडला म्हणजे नवऱ्याने किंवा बायकोने कुणाचा विश्वासघात केला असेही नाही. तो वर्षानुवर्षे गप्प बसून राहू शकतो. या एका गैरसमजापायी घरे मोडताना पाहिली आहेत, म्हणून मुद्दाम सांगते. आणि घरातल्या पुरुषांना एवढेच सांगणे, की फोन आला तर निरोप द्या आणि त्या दिवशी शेतावरची एक माणूस-मजुरी बुडाली तर बुडू द्या.

सरकारकडे मागण्यासारखी एक गोष्ट अवघड नाही. मुलीला लस द्यायला आई येतेच, ती स्वतःसाठी येत नाही. मग लसीच्या त्याच दिवशी, त्याच केंद्रावर, आईच्या तपासणीची सोय का असू नये? नमुना स्वतः घ्यायचा ब्रश तिच्या हातात द्यायचा आणि फोन नंबर तिचा स्वतःचा घ्यायचा. निकाल आला की तिला कळवायचे आणि पॉझिटिव्ह आला तर ती परत येईपर्यंत तिचा पाठपुरावा करायचा.

सुरुवातीला सांगितल्यासारखी एक आई मध्यंतरी ‘मला काय झालंय’ म्हणून निघाली होती. मुलीनेच तिचा हात धरला. ‘‘मी सुई घेतली ना? मग तू पण कर.’’ आईने माझ्याकडे पाहिले, मग लेकीकडे. पर्स लेकीच्या हातात देऊन ती पडद्याआड गेली. तिची तपासणी निर्दोष निघाली. पाच वर्षांनंतरची तारीख सिस्टरने कार्डावर लिहून दिली आणि ती आमच्या रजिस्टरातही लिहून ठेवली.